मदत हवी आहे: उसाच्या पट्ट्यात मधमाश्यांसाठी माघ ते चैत्र फुलणारी झाडं कुठली लावू?

नमस्कार मंडळी. आमचं रान कोल्हापूरजवळ, पन्हाळा रोडला. अडीच एकर, चारी बाजूंनी ऊस. दोन वर्षांमागं सातेरीच्या (पेटीत पाळतात ती देशी मधमाशी) तीन पेट्या आणल्या, आता एकच उरलीय. दोन वसाहती फेब्रुवारीत उठून गेल्या. आधी मला मेणकिड्याचा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) संशय होता, पण चौकटी स्वच्छ होत्या. फक्त मध नव्हता.

माश्या जातात कुठं हे बघायला गेलो तर शेजारचं गुऱ्हाळ निघालं. गुळव्या काहिलीतली मळी काढत होता आणि झाऱ्यावरच्या फेसात मूठभर माश्या चिकटलेल्या. म्हणाला, "रोजचंच हाय. तुझ्या कुठल्या नि रानातल्या कुठल्या, मी काय वळखू?" त्याचं काय चुकलं? उसाला तुरा आला तरी त्यात मकरंद नसतो, मग त्या बिचाऱ्या रसावरच जाणार.

आज्जीच्या वेळी इथं पानमळा होता. वेलाच्या आधाराला शेवगा, शेवरी, पांगारा. तेव्हा आड्याला मोहोळ असायचंच, म्हणते ती.

गेल्या पावसाळ्याआधी खालच्या बांधावर शेवग्याच्या आठ फांद्या लावल्या. जुलैत पाच कुजल्या. तो बांध ओढ्याकडचा, उत्तरेचा, तिथं पाणी तुंबतं. वरचा बांध मुरमाड आहे. वडिलांची अट एकच, उसावर सावली नको. पळस, पांगारा, काटेसावर लावायचं डोक्यात आहे. ऐन वेळेला फुलतात म्हणून. बरोबर आहे का?

प्रतिसाद १
दादा, पळस-पांगारा दिसायला झकास, पण ती पाखरांची खानावळ. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर. सावरीवर माश्या परागासाठी जातात, पण तिन्ही झाडं माश्यांसाठी म्हणून लावू नका.
शेवगा चांगलाच, फक्त जागा चुकली. मुरमाड बांधावर लावा, आणि फांद्यांऐवजी पीकेएम-१ या शेवग्याच्या जातीचं बी टोका, वर्षाच्या आत फुलतो. ओढ्याकडं करंज. पाण्यात मुळं राहिली तरी टिकतो, मार्च-एप्रिलमध्ये फुलाचा सडा पडतो, पाला खताला. उत्तरेचा बांध असेल तर सावली ओढ्यावरच पडेल की!

प्रतिसाद २
करंजाबरोबर दोन जांभळं लावा. ओल चालते, मार्च-एप्रिलला मोहर. कलमी घ्या, रोपाचं जांभूळ फुलेपर्यंत पेट्या म्हाताऱ्या होतील. वरच्या बांधावर कडुनिंब चालेल.
भुदरगडातलं पाटगाव मधाचं गाव आहे. तिथली यादी मात्र जशीच्या तशी उचलू नका, त्यांच्या पाठीशी जंगल आहे. हिरडा, अंजनी तिथं फुलतात म्हणून तुमच्या बांधावर रमतील असं नाही.
आणि रस्त्याकडची ती लाल पिचकारी (आफ्रिकन ट्यूलिपचं झाड) कुणी फुकट दिली तरी नको. पोयाच्या माश्या (बारक्या, बिनडंखी मधमाश्या) तिच्या फुलात मरून पडलेल्या सापडतात.
झाडं मोठी होईस्तोवर तुमची पेटी उपाशीच आहे. साखर आणि पाणी समान वजनानं, संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवा. दिवसा उघड्यावर ठेवलं तर दुसरीकडच्या माश्या लुटायला येतात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. उत्तरेच्या सावलीचा विचार डोक्यातच आला नव्हता. काल संध्याकाळी वाटीत पाक ठेवला, वर वाळक्या काड्या टाकल्या, बुडू नयेत म्हणून. सकाळी वाटी कोरडी.
करंजाला वडील तयार झाले, पाल्याचं ऐकून. जांभळाचं अजून सांगितलेलं नाही. एकच राहिलं: दोन करंजांत अंतर किती ठेवू? बांध साधारण साठ मीटर आहे.