दहा लाखांत घरासाठी उंच गाडी: जुनी क्रेटा डिझेल की नवी छोटी पेट्रोल?

कराडची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. आमच्या घरात दिवाळीपासून गाडीचा विषय चालू आहे आणि आता जेवायला बसलं की दुसरं काही बोललंच जात नाही. म्हणून इथे विचारते.

आम्ही कराडला. मी हायस्कूलला शिकवते, शाळा घरापासून पाच-सहा किलोमीटर. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, शनिवारी रात्री एसटीने येतात आणि सोमवारी पहाटे जातात. म्हणजे गाडी आठवडाभर माझ्याच हातात. घरात सासू-सासरे आणि दोन मुलं. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. आमच्या जुन्या बुटक्या गाडीत त्यांना आधी कडेला टेकवायचं, मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा, आणि उतरताना दोघांनी हात धरून ओढायचं. माहेर माझं चिपळूण. महिन्यातून एकदा तरी पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी चढायचा.

बजेट सगळं धरून दहा लाख. चार हातात आहेत, बाकीचे शिक्षक पतसंस्थेकडून.

समोर दोन रस्ते आहेत. भावाच्या ओळखीच्या एका एजंटाकडे क्रेटा आहे, दीड लिटर डिझेल, ऑक्टोबर २०२० चं पासिंग, एमएच-०८ (रत्नागिरी जिल्हा), फर्स्ट ओनर, ५८ हजार किलोमीटर. पावणेदहा मागतोय, साडेनऊला देईल म्हणतात. नाहीतर चार मीटरच्या आतली नवी पेट्रोल: नेक्सॉन, थ्रीएक्सओ, व्हेन्यू, ब्रेझा यांतलं बजेटात बसेल ते.

दीर म्हणतात, एसयूव्ही घ्यायची तर डिझेलच, बाकीची खेळणी. मुलाला सनरूफ हवंय. सासरे म्हणतात, दुसऱ्याचं दुखणं पैसे देऊन घरी आणू नये. मला स्वतःला क्रेटाची मागची सीट फार आवडली, खोटं कशाला बोलू.

घाटवेडा_पाटण

ताई, मी तुमच्याच रस्त्यावरचा. हेळवाक सोडलं की पुढे घाटात इंजिनाचा खरा कस लागतो, तोही उतरताना नाही, पोफळीहून वर येताना. माझ्याकडे चार मीटरच्या आतलीच टर्बो पेट्रोल आहे, पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन चढते. फक्त वळणावर आळस करून तिसऱ्यात राहायचं नाही. दुसरा टाकून आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवला की टर्बो जागा राहतो.

शोरूमवाला बीएचपी सांगेल, तुम्ही टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, विचारा. नेक्सॉनचं १.२ टर्बो १७० न्यूटन मीटर, थ्रीएक्सओचं साधं टर्बो २००, व्हेन्यूचं एक लिटर टर्बो १७२. ब्रेझाला टर्बो नाही, पण इंजिन दीड लिटरचं, १३७. व्हेन्यूचं बिनटर्बो १.२ मात्र ११५ च्या आत आहे. स्वस्तात मिळतं म्हणून ते घेतलंत, तर एसी लावून पाच माणसांनी कुंभार्ली चढताना मागून एसटी हॉर्न मारेल. टेस्ट ड्राइव्हला एकट्या जाऊ नका, घरदार भरून न्या.

हिशेबनीस_ठाणे

नवीच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोलवर जीएसटी १८ टक्के झाला, आधी सेस धरून २९ होता. डिझेलला ही मर्यादा १५०० सीसीची आहे. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून लांबी कमी असूनही ती ४० टक्क्यांत जाते. बाकी तिघींचा जो फायदा झाला तो तिला तेवढा झालेला नाही. आणि पतसंस्थेच्या व्याजाचा दर जुन्या गाडीला वेगळा आहे का ते विचारा. बँकेत तरी जुन्याला जास्तच लागतो.

गॅरेजवाला_इस्लामपूर

मॅडम, मी गाड्या विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळे कुठलीही घेतलीत तरी माझं काही जात नाही.

आधी दिरांच्या डिझेलचं बघू. डिझेल इंजिन वाईट नाही, क्रेटाचं तर चांगलंच आहे. पण तुमचं रनिंग बघा. शाळेला जाऊन-येऊन बारा किलोमीटर, महिन्याला तीनशे. चिपळूणचे दोनशे धरा. वर्षाला सहा हजार. पेट्रोल शंभराच्या वर आणि ॲव्हरेज चौदा, डिझेल नव्वदच्या आसपास आणि ॲव्हरेज अठरा, असं धरलं तरी वर्षाला वाचतात पंधरा हजार रुपये. डिझेलची सर्व्हिस महाग, त्यात त्यातले निम्मे जातात.

आणि पैशापेक्षा मोठा विषय डीपीएफचा. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की गाडी आपली आपण जादा डिझेल सोडून त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. त्यासाठी इंजिन पूर्ण गरम पाहिजे आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका चालीने पळाली पाहिजे. तुमची शाळा पाच किलोमीटरवर. इंजिन गरम होईतोवर तुम्ही हजेरी घेत असाल. जाळायचं काम अर्ध्यात तुटतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. गिऱ्हाईक खूष होऊन सांगतं, "माझी गाडी ऑइल पीतच नाही." अहो, ते ऑइल पातळ झालंय. डॅशबोर्डवर फिल्टरचा लाइट लागल्यावर हायवेला फिरवून आणली तर ठीक, दुर्लक्ष केलं तर फिल्टरचा खर्च हजारांत नाही, लाखाच्या घरात जाऊ शकतो. रोज सातारा-कराड करणाऱ्याला मी डोळे मिटून डिझेल घ्या म्हणतो. तुम्हाला नाही.

आता ती विशिष्ट गाडी. तुम्ही दोन गोष्टी एका ओळीत लिहिल्यात आणि मी तिथेच थांबलो: एमएच-०८ आणि ऑक्टोबर २०२०. तुम्ही चिपळूणच्या, तुम्हाला मी काय सांगणार. २२ जुलै २०२१ ला, चिपळूण पुरात बुडालं तेव्हा, ती गाडी कुठे उभी होती?

२०१९ च्या पुरानंतर आमच्या सांगली जिल्ह्यात अशा गाड्यांची रांग लागली होती. धुऊन, पुसून, सीट कव्हर बदलून, सेंट मारून उभ्या करतात. वरून काही कळत नाही. म्हणून भावाला हे बघायला सांगा. पाचही सीट बेल्ट पार शेवटापर्यंत ओढायचे. रोज वापरात येतो तेवढा पट्टा स्वच्छ असतो, गाळाची रेघ शेवटच्या फुटावर सापडते. बेल्टच्या मुळाशी लेबल असतं, त्यावर तारीख असेल तर ती वाचायची. पुढची सीट मागे सारून रुळाचे बोल्ट बघायचे, गंज आहे का आणि पाना लागल्याच्या खुणा आहेत का. पाच वर्षांच्या गाडीची सीट कोण कशाला उघडेल? डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा हाताने चाचपायचा. डॅशबोर्डखाली फ्यूजजवळचे कनेक्टर हिरवट पडलेत का ते टॉर्च लावून बघायचं.

सगळं चालू आहे म्हणून खूष होऊ नका. एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटच्या मध्ये, अगदी जमिनीलगत असतो. गाडीत पाणी शिरलं की बुडणाऱ्या पहिल्या वस्तूंत तो. आज चालेल, ऐन वेळी चालेल याची खात्री मी तरी देणार नाही.

एजंटाने चिडून "बघायची तर बघा, उघडायचं काही नाही" म्हटलं, तर तेही उत्तरच आहे.

कराडची_मास्तरीण

दादा, तुमचं वाचून मिस्टरांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. २२ जुलैला आमच्या माहेरच्या माळ्यावर आम्ही काय काय चढवलं होतं ते आठवलं. गाडीचं मात्र डोक्यात आलंच नव्हतं, कारण एजंट म्हणाला होता, मालक डोंगराकडच्या गावातले आहेत.

भाऊ रविवारी जाणार आहे. तोवर मी पॉलिसीचा फोटो मागवला. चालू पॉलिसी ऑक्टोबर २०२५ ची आहे, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) ४५ टक्के. हे चांगलं ना?

सर्व्हेयर_कोल्हापूर

चांगलं आहे, पण पूर्ण नाही. हिशेब करून बघा.

एनसीबी क्लेम न केलेल्या वर्षांनी वाढतो: २०, २५, ३५, ४५, ५०. गाडी ऑक्टोबर २०२० ची. एकही क्लेम नसता तर २०२१ च्या नूतनीकरणाला २०, मग २५, ३५, ४५, आणि ऑक्टोबर २०२५ ला ५० दिसायला हवे होते. इथे ४५ आहे, म्हणजे एक पायरी कमी. आता क्लेम मधल्या एखाद्या वर्षी झाला असता तर एनसीबी शून्यावर येऊन पुन्हा २० पासून चढला असता, इतक्यात ४५ पर्यंत पोचलाच नसता. ४५ यायला एकच वाट दिसते: क्लेम पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० ते ऑक्टोबर २०२१ च्या दरम्यान. (मालकाने मधे दुसऱ्या गाडीचा एनसीबी इकडे चढवला असेल किंवा एनसीबी वाचवणारा ॲड-ऑन घेतला असेल तर हिशेब बदलतो, म्हणून २०२१ ची पॉलिसीच मागा.)

क्लेम बंपरचाही असू शकतो. पण त्या वर्षात जुलै येतो. गाडीचा नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून जुलै ते ऑक्टोबर २०२१ चे जॉबकार्ड (दुरुस्तीच्या नोंदी) काढता येतात का बघा, मालकाने स्वतः मागितले तर अडचण येऊ नये. वायरिंग हार्नेस, इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), कार्पेट असे शब्द दिसले की समजायचं. आणि हे चांगलं वाटून घेऊ नका की तो ४५ टक्के तुम्हाला मिळेल. एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा तो घेऊन जातो, तुम्हाला तुमच्या नावाने शून्यापासून.

सनरूफ_हवंच

एवढा तपास लग्नाच्या वेळी तरी करतात का हो? 😄

कराडची_मास्तरीण

करतात, आमच्याकडे तरी केला होता.

भाऊ जाऊन आला. २०२१ ची पॉलिसी "सापडत नाहीये". भावाने बेल्ट ओढले. पुढचे दोन्ही अगदी कोरे, लेबलवर २०२१. मागच्यांवर २०२०. गाडीचं पासिंग २०२० चं असताना पुढचे पट्टे तिच्यापेक्षा वयाने लहान! मागचा मधला पट्टा, जो कोणी कधी लावत नाही, तो शेवटाला मातकट निघाला. भावाने विचारलं तर एजंट म्हणतो, "पाणी फक्त चाकापर्यंत आलं होतं हो, आत नाही." म्हणजे आधी डोंगराकडचं गाव, आता चाकापर्यंत पाणी. विषय संपला. भावालाच जास्त वाईट वाटलं, त्याने ओळख काढली होती ना.

मग शनिवारी सगळे मिळून साताऱ्याला दोन शोरूम फिरलो. सासूबाईंनी बीएचपी-टॉर्क दोन्ही बाद केले आणि स्वतःची परीक्षा घेतली: दारात पाठ करून उभं राहायचं, टेकायचं, वळायचं. एका गाडीत सीटची उंची बरोबर कमरेशी आली, पण उंबरा रुंद, पाय आत घेताना अडखळला. थ्रीएक्सओत त्या एकट्या बसल्या आणि एकट्या उतरल्या, आणि मागे आम्ही तिघं खांद्याला खांदा न लावता बसलो. डिकी मात्र नेक्सॉनची सरस वाटली, माहेरून येताना लागते. आता या दोघींतच आहे. मुलाला सांगितलंय, सनरूफ बसलं बजेटात तर बसलं.

सेल्समन म्हणतो ३१ डिसेंबरच्या आत घ्या, डिस्काउंट आहे. मिस्टर म्हणतात जानेवारीत घेऊ, म्हणजे २०२६ ची गाडी होईल. काय करावं?

गॅरेजवाला_इस्लामपूर

दहा वर्षं ठेवणार असाल तर डिसेंबरचा डिस्काउंट घ्या, चार-पाच वर्षांत विकणार असाल तर जानेवारी. पण जानेवारीत घेतलीत म्हणून गाडी २०२६ ची होत नाही, बनल्याचा महिना बघायचा. इनव्हॉइस करण्याआधी चेसिस नंबर मागा आणि गाडीवरच्या प्लेटवरचा महिना-वर्ष स्वतः वाचा. डिसेंबरातही सप्टेंबरची उभी असलेली गळ्यात मारतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३८२५ असेल तर २०२५ चा अडतिसावा आठवडा, तेही जुळतं का बघा.

व्हेरियंट एक्स-शोरूम साडेआठच्या आतलं धरा. पेट्रोलला दहा लाखांपर्यंत आपल्याकडे रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे त्र्याण्णव-चौऱ्याण्णव हजार तिथेच गेले. वर इन्शुरन्स. तो शोरूमच्याच काउंटरवर घ्यायची सक्ती नसते. बाहेरून कोटेशन आणा आणि त्यांच्यासमोर ठेवा, आपोआप उतरतात. हँडलिंग चार्ज म्हणून काही लावलं असेल तर कशाचा ते लेखी मागा.

ॲक्सेसरीजमध्ये काही घेऊ नका, चटया आणि मडफ्लॅप बाहेर निम्म्यात मिळतात. सासूबाईंच्या बाजूला छताला धरायची कडी आहे का तेवढं बघून घ्या, खालच्या व्हेरियंटला कधीकधी नसते.

कराडची_मास्तरीण

कडी बघितली नाही! उद्या फोन करून विचारते.