एडमंड शार्प लँकेस्टरलाच का राहिला?

कमानवेडी: व्हिक्टोरियन काळातल्या इंग्लिश चर्चेसबद्दल वाचतेय, जिकडे तिकडे पुगिन नाहीतर गिल्बर्ट स्कॉट हेच आर्किटेक्ट. त्यात हा आर्किटेक्ट शार्प भेटला. केंब्रिजला शिकला, मग जर्मनी-फ्रान्समध्ये जुन्या इमारती अभ्यासत फिरला आणि १८३५ च्या शेवटी ऑफिस काढलं ते उत्तर इंग्लंडमधल्या लँकेस्टरला! आणि १८५१ मध्ये या व्यवसायातून बाहेरही पडला. एवढी तयारी असलेला माणूस लंडनला का नाही गेला?

जुनीवीट: कारण काम उत्तरेतच होतं. लँकेशायरमध्ये गिरण्यांमुळे वस्ती भराभर वाढली होती आणि चर्चेस पुरत नव्हती, १८१८ मध्ये पार्लमेंटने नव्या चर्चेससाठी १० लाख पौंड मंजूर केले होते तेही याच चिंतेतून. त्यात शार्पचा चुलतभाऊ व्हिटेकर ब्लॅकबर्नचा व्हिकार (तिथल्या चर्चचा मुख्य पाद्री), म्हणजे सुरुवातीची कामं ओळखीतून मिळाली. लंडनमध्ये त्याला कोण ओळखत होतं? ब्लॅकबर्नजवळच्या विटनचं सेंट मार्क्स बघा, गोल कमानीची रोमनेस्क शैली, जी तो युरोपात बघून आला होता तीच.

मातीचा_माणूस: आणि पॉट चर्चेस, म्हणजे भाजलेल्या मातीची चर्चेस? माझ्या मते त्याचं सगळ्यात धाडसी काम तेच. बोल्टनजवळ लीव्हर ब्रिजचं सेंट स्टीफन्स, १८४२ ते ४५. मेहुणा जॉन फ्लेचर कोळसा खाणीचा मालक, त्याच्या खाणीत कोळशाबरोबर फायरक्ले (खूप उष्णता सोसणारी माती) निघायची, तर शार्पने त्याच मातीचं टेराकोटा (भाजलेली माती) करून जवळजवळ अख्खं चर्च उभं केलं, भिंतींवरचं नक्षीकामसुद्धा! एकदा साचा बनला की तोच नक्षीचा तुकडा हवा तेवढा काढता येतो, दगडात प्रत्येक तुकडा कारागिराने कोरायचा. गॉथिकच्या, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीच्या, कट्टर मंडळींना हे नकली वाटलं, मला त्यांचं अजिबात पटत नाही, भाजलेली माती काय खोटी असते का. नंतर मँचेस्टरला रशोमचं होली ट्रिनिटी पण असंच केलं.

कमानवेडी: अरे वा, हे माहीतच नव्हतं!! मग एवढं सगळं जमत असताना सोडलं का?

जुनीवीट: त्याला इतर गोष्टींत पण तेवढाच रस होता. रेल्वे, आणि त्याहून जास्त लँकेस्टरचं पिण्याचं पाणी आणि गटारं. १८४८-४९ मध्ये तो तिथला मेयर होता आणि याच कामासाठी भांडला, मला तर हे त्याच्या चर्चेसइतकंच महत्त्वाचं वाटतं. ऑफिस बंद पडलं नाही, शिष्य आणि पार्टनर एडवर्ड पेली होताच, त्याने १८५१ मध्येच शार्पच्या बहिणीशी लग्न पण केलं. १८६८ मध्ये ह्यूबर्ट ऑस्टिन पार्टनर म्हणून आला आणि फर्मची सगळ्यात सुंदर चर्चेस त्यानंतरची आहेत, स्टॉकपोर्टचं सेंट जॉर्ज नक्की बघा. फर्म १९४४ पर्यंत चालली, तीही लँकेस्टरमधूनच.

मातीचा_माणूस: पूर्ण सोडलं असंही नाही हं. १८७४ ते ७६ मध्ये त्याने लँकेस्टरलाच स्कॉटफोर्थचं सेंट पॉल्स केलं, परत टेराकोटा, परत गोल कमानी, तेव्हा सगळीकडे टोकदार गॉथिक चालू असताना! त्याच काळात, १८७५ ला, आरआयबीएचं (ब्रिटिश आर्किटेक्टांची संस्था) गोल्ड मेडल मिळालं. १८७७ मध्ये मिलानला वारला तो.