सहा दिवस आणि उत्क्रांती: खरी अडचण कुठे आहे?

‘बायबल मानायचं तर उत्क्रांती सोडावीच लागेल’ असं काही जण म्हणतात, पण ते मला पटत नाही. देवाने सहा दिवसांत जग घडवलं असं सांगणारा, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय नीट वाचा. प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य मात्र चौथ्या. मग आधीचे तीन दिवस चोवीस तासांचे कसे मोजायचे? पहिल्या अध्यायात झाडं तिसऱ्या दिवशी आणि माणूस सहाव्या. दुसऱ्या अध्यायात आधी माणूस, मग बाग. हा क्रम म्हणजे घटनांची नोंदवही नव्हे, हे डार्विनच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ संत ऑगस्टीनलाही जाणवलं होतं. ते दिवस साधे सौरदिवस नाहीत, असं त्याचं मत होतं.

कॅथलिक चर्चपुरतं बोलायचं तर १९५० साली पोप पायस बारावे यांनी मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवाकडून, ही अट ठेवली. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीला निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक मानलं.

खरा पेच पृथ्वीच्या वयाचा नाहीच, आदामाचा, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाचा आहे. बायबलमधल्या ‘रोमकरांस पत्रा’च्या पाचव्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल म्हणतो, एका माणसामुळे, म्हणजे आदामामुळे, पाप जगात आलं. आजच्या माणसांमधली जनुकीय विविधता बघता आपले पूर्वज कधी फक्त दोघंच होते, हे जुळत नाही. हजारोंचा समूह धरावा लागतो. यावर काही धर्मशास्त्रज्ञ आदामाला त्या समूहाचा प्रतिनिधी मानतात, काही प्रतीक. मला पहिला मार्ग पौलाच्या युक्तिवादाशी जास्त प्रामाणिक वाटतो. हिब्रूत ‘आदाम’ म्हणजे माणूस आणि ‘अदामा’ म्हणजे माती, हेही विसरू नये.