सात महिने एकटीने बॅकपॅकिंग, रोजचे 42 डॉलर पुरतील का? हिशोब तपासून द्या प्लीज

विंचवाचं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा प्रश्न टाकतेय. राजीनामा दिलाय, आता माघार नाही, सात महिने पाठीवर बॅग टाकून एकटीच फिरणारे. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड, इंडोनेशिया, मग जॉर्जिया आणि शेवटी महिना-दीड महिना युरोप, इटली ऑस्ट्रिया वगैरे.

साठवलेले 9000 डॉलर आहेत. सगळं डॉलरमध्येच मोजतेय कारण सहा-सात चलनांत माझं डोकं चालत नाही. 210 दिवसांनी भागलं तर रोजचे 42 आणि वर थोडी चिल्लर. आता ब्लॉग वाचावेत तर एक म्हणतो 20 डॉलरात राजासारखे राहाल, दुसरा म्हणतो 60 च्या खाली विचारच करू नका, आणि दोघंही त्याच शहरातून लिहितायत!

तर 42 पुरतील का? सगळीकडे एकच आकडा धरायचा की देशागणिक वेगळा? आणि हिशोब कसा ठेवता तुम्ही लोक, अ‍ॅप की वही? मी डॉर्ममध्ये, म्हणजे हॉस्टेलच्या सामाईक खोलीतल्या खाटेवर झोपते, दारू जवळपास नाही, पण देवळं, म्युझियम, किल्ले बघायचा सोस आहे हे आधीच सांगते.

हिशोबी_मांजर

ताई, राजीनाम्याबद्दल अभिनंदन आणि आता जरा थंड पाणी ओतते, रागवू नका.

9000 भागिले 210 हा भागाकार बरोबर आहे पण चुकीच्या आकड्याला भागलंय. आधी दिवसांशी काही देणंघेणं नसलेले खर्च बाजूला काढा. विमानांचे साधारण 1300 धरा, सात महिन्यांचा इन्शुरन्स 600, सगळे व्हिसा मिळून 350, बॅग-बूट-लसी वगैरे 350. आणि 1500 असे की ज्यांना हातच लावायचा नाही, आजारी पडलात, पासपोर्ट हरवला, घरून फोन आला तर त्याच दिवशी परतीचं तिकीट काढता आलं पाहिजे त्यासाठी. झाले 4100. उरले 4900, त्याला 210 ने भागा. 23 डॉलर. हे माझे ढोबळ आकडे आहेत, तुमचे थोडे इकडेतिकडे होतील, पण 42 परत येणार नाहीत.

शिवाय मागे घरी चालू राहणारे खर्च कोणीच धरत नाही. कर्जाचा हप्ता, फोनचं बिल, सामान ठेवलं असेल तर त्याचं भाडं. आणि परत आल्यावर पहिला पगार हातात पडेपर्यंतचे दोन-तीन महिने कसे काढणार? मी परत आले तेव्हा खात्यात इतके कमी पैसे होते की इंटरव्ह्यूला जायला बूट मैत्रिणीचे घातले, ते पण एक नंबर लहान.

युरोपबद्दल एक, तुम्हाला शेंगेन व्हिसा (इटली, ऑस्ट्रियासकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) लागत असेल तर तो प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी मागता येतो आणि साधारणपणे तुम्ही कायदेशीर राहता त्याच देशातून मागावा लागतो, वाटेत मध्येच कुठूनतरी टाकला अर्ज असं सहसा होत नाही. तुमचा युरोप सहाव्या महिन्यात येतोय, म्हणजे निघायच्या आत सगळं बसवायला जेमतेम फट आहे. फी 2024 च्या जूनपासून 90 युरो झाली, नाकारला तर परत मिळत नाही, आणि किमान 30,000 युरो कव्हरचा इन्शुरन्स दाखवावा लागतो. एवढं करून तिथे गेल्यावर उन्हाळ्यात मोठ्या शहरात नुसती डॉर्मची खाटच तुमचे 42 गिळू शकते. वर इटलीत बऱ्याच ठिकाणी सिटी टॅक्स काउंटरवर वेगळा देतात, माणशी आणि रात्रीमागे, बुकिंग करताना दिसलेल्या आकड्यात तो धरलेला नसतो बऱ्याचदा.

चालता_बोलता

मांजरीशी सहमत, पण माझ्या मते खरी गंमत वेगळीच आहे. देशागणिक आकडा ठरवू नकोस, दिवसागणिक ठरव. दिवस दोन जातीचे असतात, मुक्कामाचे आणि हलायचे.

मी आठ महिने फिरलो तेव्हा वहीत प्रत्येक दिवसापुढे मु किंवा ह लिहायचो, सुरुवातीला उगाच, चाळा म्हणून. तीन महिन्यांनी बेरीज केली तर मुक्कामाचा दिवस सरासरी 24 डॉलरला पडत होता आणि हलायचा 61 ला. पहिल्या महिन्यात मी येड्यासारखा 14 वेळा हललो, सरासरी आली 41. तिसऱ्या महिन्यात पाचच वेळा हललो, सरासरी 30. माणूस तोच, हॉस्टेलं त्याच दर्जाची, देश तर तिसऱ्या महिन्यातला जास्त महाग होता!

तिकीट त्यात निम्मंसुद्धा नव्हतं. बाकी सगळं किडूकमिडूक. स्टँडपर्यंतची रिक्षा, उतरल्यावर परत रिक्षा, बॅग ठेवायचं लॉकर, गाडी लेट म्हणून दोनदा खाणं, नवं सिमकार्ड, साबण मागेच राहिला तो नवा. आणि मुख्य म्हणजे नवीन गावात पहिल्या दिवशी तुला भाव माहीत नसतो. चौथ्या दिवशी कळतं की पलीकडच्या गल्लीत हेच जेवण अर्ध्यात मिळतं, आणि पाचव्या दिवशी तू बॅग भरतेस.

रात्रीच्या बसचं पण सांगतो, सगळे म्हणतात एका रात्रीचं भाडं वाचतं. एकदा पहाटे साडेचारला एका स्टँडवर उतरलो, झिमझिम पाऊस, मान आखडलेली, समोर एकच टॅक्सीवाला आणि त्याला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं की हा घासाघीस करणार नाही. तिप्पट दिले. हॉस्टेलचं चेक-इन दुपारी दोनला. सात वाजता मी काउंटरवर जाऊन आदल्या रात्रीचे पैसे भरून खाट घेतली आणि संध्याकाळपर्यंत झोपलो. म्हणजे भाडं वाचलं नाही ते नाहीच, दिवस पण गेला. बस सकाळी सात-आठला पोचणारी असेल तर बस, नाहीतर दिवसाची गाडी घे आणि खिडकीतून बघ, ते फुकट आहे.

आठवडाभर राहणार म्हणून सांगितलं तर बरेच हॉस्टेलवाले भाव पाडतात, फक्त तोंड उघडून विचारायला लागतं. आणि वाटेत कोणी जोडीदार मिळाला तर डॉर्मच्या दोन खाटांचे पैसे आणि एक साधी खोली यात कित्येकदा काहीच फरक नसतो, तेवढं बघून घेत जा.

उंटावरचा_शहाणा

गळती कुठे होते ते मी सांगतो कारण माझी झालीये.

एटीएम. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दरवेळी ठरावीक रक्कम कापतात, मी गेलो तेव्हा साधारण 220 बाथ (तिथलं चलन) होती, तुम्ही किती काढता याच्याशी संबंध नाही. मी आपला घाबरट, एका वेळी 2000 काढायचो, म्हणजे 11 टक्के नुसते मशीनला! 20,000 काढले तर तेच 1.1 टक्के. आता एवढी रोकड अंगावर बाळगायची भीती वाटते ते खरं, पण दोन ठिकाणी विभागून ठेवायची, थोडी कमरेला आणि बाकी बॅगेत खाली, वास येणाऱ्या मोज्यांत, तिथे चोर पण हात घालत नाही. तुमची बँक घरच्या बाजूने वेगळं कापते का ते निघायच्या आधी विचारा आणि दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं न्या, एक मशीनने गिळलं की दुसरं.

दुसरं, मशीन किंवा दुकानदार विचारतो की तुमच्या चलनात पैसे लावू का. गोड वाटतं. नाही म्हणायचं. कायम स्थानिक चलनच. तो जो दर देतो त्यात त्याची मलई असते, कधी दोन-चार टक्के, कधी त्याहून बरीच जास्त.

तिसरं स्वस्त विमान. तिकीट बघून उडी मारली आणि पाठीवरची बॅग गेटवर मापात बसेना, बॅगेचे पैसे तिकिटापेक्षा जास्त, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती, मापं वाचली नव्हती.

चौथं, जुने ब्लॉग. तारीख बघितल्याशिवाय आकडा उचलायचा नाही. कंबोडियातल्या अंकोरच्या देवळांचा एका दिवसाचा पास 20 डॉलर होता तो 2017 मध्ये 37 झाला. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास 2023 च्या ऑक्टोबरात 29,650 येनवरून एकदम 50,000 वर गेला. बालीत 2024 पासून परदेशी पाहुण्यांना दीड लाख इंडोनेशियन रुपैया (आपले रुपये नव्हेत) वेगळी पट्टी आहे. हे तिन्ही जुन्या पोस्टींमध्ये तुम्हाला कमीच दिसणार, लिहिणारे खोटं बोलत नव्हते, काळ बदलला एवढंच.

पाय_मोकळे

बाकीच्यांनी एवढं घाबरवलंय तर मी उलटी बाजू मांडते. काटकसरीचा पण रोग लागतो हो. मला लागला होता. रोज रात्री आकडा मर्यादेच्या आत बसला की परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं, मग उद्या अजून कमी, परवा अजून कमी. अंकोरला मी एका दिवसाचा 37 चा पास घेतला, तीन दिवसांचा 62 ला होता. 25 डॉलर वाचवायला एका दिवसात धावत धावत सगळं पाहिलं, दुपारी तीनला ऊन असं की तिथल्या बायोन देवळाच्या दगडी चेहऱ्यांसमोर सावलीत बसून मी फक्त पाण्याच्या बाटलीकडे बघत होते. पुढे तीनच दिवसांनी दुसऱ्या एका गावात कंटाळा आला म्हणून 30 डॉलर एका फालतू बोट टूरवर घातले. आता बोला.

तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही तीन दिवस वापरता येतो, सलग जावं लागत नाही. तुम्हाला देवळांचा सोस आहे म्हणताय तर एक दिवस आड जा, मधल्या दिवशी लोळा. सात दिवसांचा 72 ला आहे, तो महिनाभर चालतो.

म्हणून माझं म्हणणं, हौसेचं खातं वेगळंच करा. रोजच्या आकड्यात ते घातलंत की त्या दिवशी मन खट्टू होतं. आणि रोजची मर्यादा रोज पाळायची नाही, आठवड्याची पाळायची. सोमवारी 50 गेले तर जाऊ देत, शुक्रवारपर्यंत भरून निघतात. रविवारी मागे वळून बघायचं, रोज रात्री नाही.

हॉस्टेलमध्ये चार तास काम करून खाट फुकट हा प्रकार पण लोक सुचवतील. छान असतो पण काही देश टुरिस्ट व्हिसावर तेसुद्धा काम करणंच धरतात, आधी नियम वाचा.

विंचवाचं_बिऱ्हाड

बापरे. 23 डॉलर वाचून काल रात्री झोप नाही लागली, खरंच सांगते. सकाळी उठून सगळं नव्याने मांडलं.

युरोप उडवला. वाईट वाटलं पण पुढे कधीतरी फक्त तेवढ्यासाठीच जाईन. जॉर्जिया पण गेलं, एकट्या त्याच्यासाठी विमान परवडत नाही. सात महिन्यांचे पाच केले, 150 दिवस. विमानं 900, इन्शुरन्स 450, व्हिसा 200 (व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांचा मिळतो आता, 25 डॉलर, हे बघून बरं वाटलं), बॅग चुलतभाऊ देतोय म्हणून सामान 250 त भागेल, आणि 1500 ला हात लावायचा नाही. झाले 3300. उरले 5700. त्यातले 450 हौसेच्या खात्यात, अंकोरचे 62 त्यातूनच जातील. 5250 भागिले 150, बरोब्बर 35. परत आल्यावरच्या महिन्यांसाठी स्कूटर विकतेय, तशीही पाच महिने उभी राहून बॅटरी मेलीच असती.

चालता_बोलता दादा, तुमचं मु आणि ह फार आवडलं. महिन्यात सहापेक्षा जास्त ह नाही असं ठरवलंय. मुळात माझ्या प्लॅनमध्ये व्हिएतनामच्या 25 दिवसांत 11 गावं होती, आता पाच आहेत. कोणती कापली ते विचारू नका, अजून रडू येतंय.

एकच राहिलं, वही की अ‍ॅप? आणि कंबोडियात डॉलर चालतात ना, मग थोडे घरूनच नेऊ का?

चालता_बोलता

35 चांगला आकडा आहे त्या भागात, आरामात जाशील. दर तीन आठवड्यांनी दोन दिवस एकटीची खोली घे, डॉर्ममधल्या घोरण्याने माणूस वेडा होतो.

वही घे, पण पैसे दिले की तिथल्या तिथे लिही. रात्री आठवून लिहिलं की चहा, पाणी, रिक्षा विसरतात आणि तेच सगळं असतं. अ‍ॅप पण चालेल, माझा फोन कायम मेलेला असायचा म्हणून वही.

डॉलर ने, हो. पण कोऱ्या नोटा ने, कोपरा फाटलेला किंवा पेनाने काही लिहिलेलं असलं की कंबोडियात नाक मुरडतात, घेतच नाहीत. छोट्या नोटा जास्त घे, सुटे रिएलमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात मिळतात आणि ते देश सोडायच्या आधीच संपव, बाहेर कोणी बदलून देत नाही.

आणि वहीच्या पानांचे फोटो काढत जा. माझी लाओसमध्ये होडीत भिजली, जवळजवळ दोन महिन्यांचे मु आणि ह निळ्या शाईचा एकच डाग झाले.

हिशोबी_मांजर

स्कूटर विकायच्या आधी विम्याचे कागद बघून घ्या, उरलेल्या महिन्यांचे पैसे कधीकधी परत मिळतात. ते हौसेच्या खात्यात टाका.