विधी अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद होतोय, तिसऱ्या वर्षातल्या मुलांनी काय करावं?

तिसरं_वर्ष
आमच्या विनाअनुदानित महाविद्यालयात पाच वर्षांच्या बीए एलएलबीला यंदा पहिल्या वर्षाचे प्रवेशच दिले नाहीत. अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद होणार, एवढीच नोटीस लागली आहे. आम्ही तिसऱ्या वर्षाला आहोत, काहींचे दुसऱ्या वर्षाचे विषय राहिलेत. ऑफिसातून 'टीसी घ्या आणि दुसरीकडे बघा' असं सुचवतात. हे वर्ष संपल्यावर (पदवीनंतरच्या) तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येईल का? की इथेच थांबावं? पुढे सनदेला (वकिलीच्या परवान्याला) अडचण यायला नको.

नियमावली
टीसीला आत्ता हात लावू नका. टीसी घेतली की पटावरून नाव जातं, आणि दुसरीकडची जागा पक्की नसेल तर वर्ष हातचं जातं.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय महाविद्यालय बंद करता येत नाही. बंद करायचं तरी टप्प्यांनीच. आधी पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबतात, आत असलेल्या मुलांचं नुकसान होऊ द्यायचं नसतं. म्हणजे इथूनच पदवी पूर्ण करणं हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

मात्र तीन कागद आजच मागा: शासनाची बंद करण्याची परवानगी, विद्यापीठाचं चालू वर्षाचं संलग्नता पत्र आणि विधी शिक्षणाचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचं मान्यता पत्र. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. त्यावर मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे ते लिहिलेलं असतं. बंद होणारी संस्था नूतनीकरणाचं शुल्क भरायला टाळाटाळ करू शकते. मग विद्यापीठ परीक्षा घेतं, गुणपत्रिका देतं, आणि गाडी सनदेच्या अर्जापाशी अडते. तुमचं पाचवं वर्ष त्या मुदतीत बसतंय का, ते तपासा. कागद मिळत नसतील तर विद्यापीठाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

तीन वर्षांच्या एलएलबीत थेट प्रवेशाचा विचार सोडून द्या. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला नियम १३ एकात्मिक (तुमच्यासारख्या पाच वर्षांच्या) अभ्यासक्रमातून मधे बाहेर पडायला आणि मधूनच आत यायला, दोन्हींना मनाई करतो. नव्या शैक्षणिक धोरणातली 'केव्हाही प्रवेश, केव्हाही निर्गमन' ही सोय इथे लागू धरू नका. क्रेडिट (उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक) खात्यात जमा असले तरीही.

परीक्षा_विभाग
राहिलेल्या विषयांबद्दल वेगळं सांगतो, कारण खरा धोका तिथेच आहे. शेवटची नियमित तुकडी बाहेर पडली की त्या पॅटर्नच्या परीक्षा विद्यापीठ मोजक्याच वेळा घेतं. त्यानंतर नव्या पॅटर्नमधला समकक्ष विषय द्यावा लागतो, आणि समकक्ष नसलेला विषय लोंबकळत राहतो. दुसऱ्या वर्षाचे विषय याच सत्रात काढा, पाचव्या वर्षापर्यंत ओढू नका.

दुसरं, अंतर्गत गुण. प्रात्यक्षिक विषय चार असतात. त्यातल्या अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्ट) विषयाचे १०० गुण असे असतात: तीन अभिरूप खटल्यांचे ३०, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहून केलेल्या नोंदींचे ३०, अशिलाची मुलाखत आणि खटल्यापूर्वीच्या तयारीचे ३०, तोंडी १०. हे गुण महाविद्यालयातून विद्यापीठात जातात. शिक्षक सोडून गेले आणि जर्नल सापडलं नाही, तर निकाल राखीव. म्हणून प्रत्येक जर्नलवर सही-शिक्का घेऊन छायाप्रत घरी ठेवा.

हजेरीचंही लक्षात घ्या. प्रत्येक विषयात ७० टक्के लागते. शिक्षक कमी झाले आणि तास होईनासे झाले, तर त्याच आठवड्यात प्राचार्यांना लेखी कळवा आणि आवक क्रमांक घ्या. सत्राच्या शेवटी तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

संलग्नता
बदली घ्यायचीच असेल तर त्याच विद्यापीठातलं महाविद्यालय बघा. पेपर तेच असल्याने समकक्षतेचा घोळ होत नाही. क्रम असा ठेवा: नव्या महाविद्यालयाचं जागा असल्याचं पत्र, जुन्याचं ना हरकत, विद्यापीठाची मंजुरी, आणि मग टीसी. वेळ वर्षाच्या सुरुवातीची, सत्राच्या मधे बहुधा नकारच येतो.

जागा मात्र कमी आहेत. एका तुकडीत जास्तीत जास्त ६० विद्यार्थी. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नव्या विधी महाविद्यालयांवर तीन वर्षांची स्थगिती आणली, आणि चालू महाविद्यालयांनाही कौन्सिलच्या पूर्वपरवानगीशिवाय नवी तुकडी काढता येत नाही. तुमच्यासाठी शेजारी जादा तुकडी काढू, असं कुणी म्हणालं तर परवानगीचं पत्र दाखवायला सांगा.

विद्यापीठच बदलत असाल तर प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम शिक्क्यानिशी घ्या, त्याशिवाय समकक्षता ठरत नाही. शिष्यवृत्ती असेल तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर संस्था बदलल्याची नोंद वेळेत करा, नाहीतर नूतनीकरण अडकतं.

तिसरं_वर्ष
सगळ्यांचे आभार. एक शंका: बाजूला मुक्त विद्यापीठातून बीए करून ठेवावी का? इथे काही बिनसलं तर तीन वर्षांच्या सीईटीला बसता येईल.

नियमावली
एलएलबीत नाव असताना नको. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करायला मोकळीक दिली, पण विधी शिक्षण नियमांतला नियम ६ दोन नियमित अभ्यासक्रम एकत्र करू देत नाही. मुक्त विद्यापीठाची पदवी 'नियमित'मध्ये येत नाही, हा युक्तिवाद सनदेच्या वेळी करत बसण्याची पाळी कशाला आणता? एलएलबी सोडलीच, तर बारावीनंतर रीतसर केलेली मुक्त विद्यापीठाची पदवी तीन वर्षांच्या प्रवेशाला चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात.

परीक्षा_विभाग
इंटर्नशिपची डायरीही विसरू नका. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान २० आठवडे भरायचे असतात. ज्या वकिलांकडे किंवा संस्थेत काम केलं त्यांचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत स्वतःजवळ ठेवा आणि महाविद्यालयाला छायाप्रत द्या. महाविद्यालय बंद झाल्यावर त्या फायली शोधून देणारं कुणी नसतं.