चेंबरच्या बोल्टऐवजी व्हॉल्व्ह बसवावा का?

तेलकट_हात

घरीच ऑइल बदलणाऱ्यांसाठी हा धागा. ज्यांची गाडी सर्व्हिस सेंटरला जाऊन धुऊन-पुसून, सेंट मारून परत येते त्यांनीही मत द्यावं, पण हात काळे केलेल्यांचं मत जरा जास्त धरलं जाईल.

इंजिनखाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाला, जुनं ऑइल काढायला जो ड्रेन बोल्ट असतो, तो काढून त्याच जागी कायमचा एक छोटा पितळी व्हॉल्व्ह बसवता येतो. आत बॉल, बाहेर लिव्हर. लिव्हर स्प्रिंगच्या जोराविरुद्ध दाबून खाचेतून सोडवायची, पाव फेरी फिरवायची, की ऑइल सुरू. उलट फिरवली की बंद. जपानची फुमोटो यातली जुनी कंपनी. जर्मनीच्या स्टालबसचा प्रकार वेगळा, त्यात टोपण काढून नळीची जोडणी फिरवत बसवली की आतली झडप ढकलली जाते.

माझं मत : बसवावा. सगळ्यात मोठं कारण आटे. बऱ्याच गाड्यांचा चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा, म्हणजे झिजणार कोण ते ठरलेलं. छोट्या पेट्रोल गाड्यांना त्या बोल्टसाठी साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळायचा जोर) सांगितलेला असतो, आणि आपल्याकडे तो हाताच्या अंदाजाने, वर "अजून थोडा" म्हणून आवळला जातो. व्हॉल्व्ह एकदा बसला की त्या आट्यांना परत हात लावायचा नाही.

दुसरं कारण ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. शेवटचा आटा सुटतो, बोल्ट बोटांतून निसटून ट्रेमध्ये पडतो आणि गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. मग त्याच काळ्या डबक्यात हात घालून बोल्ट शोधा. व्हॉल्व्हला नळी लावली तर ऑइल सरळ पाच लिटरच्या कॅनमध्ये.

घाटवळण

कागदावर सगळं छान आहे हो. रस्त्यावर या.

स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (रस्ता आणि गाडीचा तळ यातलं अंतर) १६३ मिमी, तोही गाडी रिकामी असताना. चार माणसं, डिकीत सामान, की तो आणखी खाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी आरामात चढून उतरेल असा. आमच्या गावाच्या वेशीवर जो आहे तो गावकऱ्यांनी एका रात्रीत घातलेला. त्याला ना रुंदी ना उतार, नुसता बांध. कोकणात घरापर्यंत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर मधोमध उगवलेले जांभ्याचे दगड वेगळेच.

बोल्टचं डोकं जेमतेम बाहेर असतं. तुमचा व्हॉल्व्ह, त्यात नळीसाठी लांब चोच असलेला, त्याहून बराच खाली लोंबणार. आंबा घाटात पावसात तो दगडावर आपटून तुटला, की ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत बरंचसं ऑइल रस्त्यावर असेल. तो दिवा पातळी दाखवत नाही, दाब गेला की लागतो. पुढचे दोन-तीन किलोमीटर कोणी "पंप आला की बघू" म्हणून चालवली तर इंजिन जाम. वर्षातून एकदाच्या कामातला कोपर स्वच्छ ठेवण्यासाठी वर्षभर हा धोका कशाला?

परदेशी_पाना

मी ओहायोत असतो, दोन्ही गाड्यांना व्हॉल्व्ह आहेत. इथे तीसेक डॉलरला मिळतो. घाटवळण यांची भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहेत. चोच नसलेला आखूड प्रकार घ्या. तो बोल्टच्या डोक्यापेक्षा थोडाच जास्त बाहेर येतो. लिव्हरचं तोंड मागच्या चाकांकडे ठेवा, म्हणजे पुढून काही घासलं तरी ती उघडायच्या दिशेला ढकलली जात नाही. वर लिव्हर अडवणारी प्लास्टिकची क्लिप मिळते, ती लावा. इथे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फाचे कडक ढेकळे चेंबरखाली आपटतात, त्यामुळे हा प्रश्न आम्हालाही आहेच.

आणि ज्यांच्या गाडीला खालून पत्रा किंवा जाड कव्हर आहे, त्यांना व्हॉल्व्ह त्याच्या वर राहतोय की नाही एवढंच बघायचं.

गॅरेजगल्ली

वीस-बावीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून बोलतो. राग मानू नका.

आटे बोल्टमुळे जात नाहीत, हातामुळे जातात. पोरगं बोल्ट बोटाने न बसवता सरळ गनने मारतं, तिरका जातो, तिथे आटे खलास. किंवा जुना चपटा झालेला वॉशर तसाच ठेवतात, मग थेंब थेंब गळतं, मग गळतंय म्हणून आणखी आवळतात. दर वेळी नवा वॉशर घाला, चार-पाच आटे बोटाने फिरवा, मग पाना. ज्या गाड्यांना सुरुवातीपासून असं काम झालंय, त्यांचे बोल्ट आजही मूळचेच आहेत. आणि गेले आटे तरी आभाळ कोसळत नाही, हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवता येतं.

दुसरं, बोल्ट हातात आला की तो बोलतो. टोकाला चुंबक असेल तर त्यावरचा लगदा दिसतो. करड्या पेस्टसारखा असेल तर चालतं, चमकणारे कण आले की मी मालकाला बोलावून दाखवतो. कॉकमधून, म्हणजे तुमच्या व्हॉल्व्हमधून, हे कळत नाही.

तिसरं कोणी बोललंच नाही. उद्या तुम्ही गावाला, गाडी दुसऱ्याच गॅरेजात. तिथलं पोरगं गाडीखाली गेलं की त्याला षटकोन दिसतो आणि तो त्यालाच पाना लावतो. ही कॉकची चावी फिरवायची असते हे त्याला कोण सांगणार? कॉक अर्धा सैल करून गाडी बाहेर निघते.

तेलकट_हात

@गॅरेजगल्ली, दादा, तिसरा मुद्दा मान्य. बॉनेटखाली एक स्टिकर चिकटवला की काम भागेल. पण पहिल्या मुद्द्यात तुम्ही माझ्याच बाजूने बोललात : हातच खराब असतील तर त्या हातांना बोल्टपासून लांब ठेवलेलं बरं.

लगद्याचं म्हणाल, तर चुंबक सगळ्या गाड्यांच्या बोल्टला नसतो. कण बघायचेच असतील तर जुना फिल्टर कापून बघा, त्यात जास्त कळतं. उलट व्हॉल्व्ह असला की मधल्या धारेचा नमुना छोट्या बाटलीत घेता येतो, तळाचा गाळ मिसळत नाही. कॅनवर खुणा असल्या की किती ऑइल निघालं तेही कळतं. तीन लिटर घातलेलं आणि अडीच निघालं, तर इंजिन ऑइल पितंय.

आणखी एक, कारण व्यक्तिगत संदेशात विचारलं गेलं : "पंपाच्या प्रेशरने व्हॉल्व्ह उडणार नाही का?" नाही. ऑइलचा दाब पंपाच्या पुढे, गॅलरीत म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या वाटांत असतो. चेंबरच्या तळाला फक्त साठलेल्या ऑइलचं वजन.

पानेवाली

सगळे त्या एका बोल्टवरून भांडताय म्हणून मधे पडते. ऑइल बदलण्यातलं सगळ्यात सोपं काम म्हणजे बोल्ट काढणं, आणि हा व्हॉल्व्ह नेमकं तेच आणखी सोपं करतो.

माझ्या गाडीचा फिल्टर आडवा आहे. अर्धा फिरवला की ऑइल खालच्या क्रॉसमेंबरवर (आडव्या पट्टीवर), तिथून सायलेन्सरच्या पाइपवर, आणि पुढचे चार दिवस सिग्नलला जळका वास. यावर तुमच्या व्हॉल्व्हचा काही इलाज नाही. फिल्टरसाठी गाडीखाली जायचंच आहे, गाडी उचलायचीच आहे, तर बोल्टची दोन मिनिटं वाचवून काय मिळवलं? ज्यांचा फिल्टर वरून, बॉनेट उघडून निघतो, त्यांनी जरूर बसवावा. त्यांना खरंच गाडी न उचलता काम उरकता येईल. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या जॅक स्टँडवर घालावेत. गाडीसोबत येणाऱ्या कैची जॅकवर भरवसा ठेवून खाली झोपणारे लोक मी आमच्याच सोसायटीत पाहिलेत.

व्हॉल्व्ह नसल्याने काळं ऑइल सांडतं म्हणता, पण न सांडलेलं कुठे जातं तेही सांगा. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्यांवरही ते परत गोळा करून शुद्ध करायची जबाबदारी टाकली आहे. पण घरच्या तीन लिटरसाठी कोणी दारात येत नाही. मग कॅन जातो सेंट्रिंगवाल्याकडे फळ्यांना लावायला, नाहीतर वाळवीसाठी म्हणून लाकडाला, नाहीतर गटारात. व्हॉल्व्ह असो-नसो, ज्या गॅरेजात ड्रम भरून अधिकृत रिफायनरवाल्याला देतात, तिथे कॅन नेऊन द्या.

गॅरेजगल्ली

पानेवाली ताईंना +१. आमच्याकडे आणा, ड्रममध्ये ओततो. पण कूलंट किंवा पेट्रोल मिसळून आणू नका, मग तो पूर्ण ड्रम कोणी घेत नाही.

बांधावरून

गाड्यांचं तुमचं चालू द्या. मी जनरेटरला बसवलाय आणि त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. जनसेट हलत नाही, दगड लागत नाही, स्पीडब्रेकर नाही. चेंबर लोखंडी फ्रेममध्ये इतका अडकलेला की खाली तसराळंसुद्धा सरकत नाही. तासांवर ऑइल बदलावं लागत असल्याने वेळ गाडीपेक्षा लवकर येते. नळी लावली, कॅन बाहेर ठेवला, झालं.

ट्रॅक्टरला मात्र लावणार नाही. उसाच्या फडात बुडखे खालून काय काय ओरबाडतात ते माहीत आहे.

नियमावली

वॉरंटीचा मुद्दा राहिला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड लावला होता, सुट्या भागांच्या बाजारावरून. त्यातच सांगितलं होतं, की बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका. पुढे प्रकरण अपिलात गेलं. पण या आदेशाच्या भरवशावर नव्या गाडीला व्हॉल्व्ह लावू नका. बाहेर काम करून घेणं वेगळं आणि मूळ भाग काढून दुसरा लावणं वेगळं. ऑइल गळून इंजिन गेलं तर कंपनी पहिलं बोट त्या व्हॉल्व्हकडेच दाखवणार, आणि त्यात तिचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

घाटवळण

अवांतर : सोसायटीतल्या पोरांनी गंमत म्हणून लिव्हर फिरवली तर? बोल्टला निदान पाना लागतो.

परदेशी_पाना

क्लिप लावली तर सहजासहजी नाही फिरत. आणि पितळ आहे, उंदीर खात नाहीत, हा पुण्यातल्या पार्किंगसाठी वाढीव फायदा धरा.

वाचनमात्र

सगळं वाचलं. माझ्या गाडीची वॉरंटी संपली आहे, फिल्टर वरून निघतो, खाली जाड कव्हर आहे, फिरणं शहरातच. म्हणजे पानेवाली आणि घाटवळण दोघांच्या अटी पूर्ण. बसवणार आहे. माप कसं ठरवायचं? विक्रेता म्हणतो, "सगळ्यांना एकच लागतं."

गॅरेजगल्ली

तो विक्रेता सोडा. होंडाला बहुतेक १४ मिमी, दीडचा पिच (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत). टोयोटाला १२ मिमी, सव्वाचा पिच. १२ मध्ये दीडचा पिचही येतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. सव्वाच्या जागी दीडचा घातला तर दोन आटे गोडीने जातो, मग अडतो, आणि तुम्ही पाना लावला की चेंबर गेला. पुढच्या वेळी ऑइल काढाल तेव्हा जुना बोल्ट पिच गेजला लावून बघा, मगच मागवा.

बसवताना वॉशर नवा. व्हॉल्व्हची आवळणी बोल्टएवढी नसते, पाकिटावर जेवढी लिहिली असेल तेवढीच. पहिल्या दिवशी गाडी रात्रभर पुठ्ठ्यावर उभी करा, सकाळी डाग बघा, मग बाहेर काढा.

तेलकट_हात

आणि लिव्हर पूर्ण उघडल्यावर चेंबरला टेकत नाही ना, ते ऑइल भरण्याआधी फिरवून बघा. टेकत असेल तर मधे लावायचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण त्याने व्हॉल्व्ह आणखी खाली येतो. धार बोल्टपेक्षा बारीक असते, त्यामुळे इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट करून घ्या आणि भरण्याचं झाकण उघडं ठेवा.

घाटवळण

जुना बोल्ट आणि एक वॉशर डिकीत टाकून ठेवा. टाकून म्हणजे फेकून नव्हे.