कूलर सर्व्हिसिंगची आयडिया लपवायची का? आणि वेबसाइटवरून फोनच येत नाहीये (नागपूर)

वाळ्याची_ताटी:
नमस्कार मंडळी. नोकरी सोडून कूलरचं वार्षिक सर्व्हिसिंग सुरू करतोय. उन्हाळ्याच्या तोंडावर माळ्यावरून कूलर काढायचा, ताट्या (बाजूचे पाणी धरणारे पॅड) बदलायच्या, पंप तपासून खिडकीत बसवून द्यायचा. पावसाळा लागला की टाकी कोरडी करून, गंज घासून, रंग मारून परत माळ्यावर. पैसे वर्षातून एकदाच. घरचे म्हणतात कुणाला सांगू नको, कल्पना चोरतील. वेबसाइट करणाऱ्या पोराकडून मी स्टॅम्प पेपरवर गुप्ततेचा करारही करून घेतला (हसू नका). साइट सुरू होऊन आठ दिवस झाले, एक चौकशी नाही. लिंक देतोय, बघून सांगा.

महालचा_पोट्टा:
हसू नका म्हणते अन् स्टॅम्प पेपर! अबे भाऊ, कूलरवाले तं गल्लोगल्ली हायेत. नवतप्याच्या कडक उन्हात दुपारी दोन वाजता कोणाचा पंप जळला अन् तू तासाभरात पोचला, तं तुया धंदा चालन. ते कोण चोरणार हाय?

कलम_तीन:
कायद्याचं सांगतो. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या शब्दांत-चित्रांत मांडली त्यांना मिळतो. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(के) मध्ये व्यवसाय पद्धती सरळ वगळल्या आहेत. म्हणजे वार्षिक कराराची कल्पना तुमच्या नावावर होणार नाहीच. धंद्याचं नाव मात्र राखता येतं. दुरुस्ती आणि बसवणी ट्रेडमार्कच्या वर्ग ३७ मध्ये येते, व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी ४,५०० रुपये. ती भरा, स्टॅम्प पेपरपेक्षा कामाची आहे. कूलरमध्ये काही नवीन यंत्रणा शोधली असेल तर मात्र अर्ज दाखल होईपर्यंत गप्प राहा. आधी जगजाहीर झालं की नावीन्य गेलं आणि पेटंटही हातचं गेलं.

वाळ्याची_ताटी:
यंत्रणा कसली साहेब, पंप इतवारीतून आणतो.

मसालेवाली_मानेवाडा:
मी सावजी मसाला घरून विकते. सुरू करायच्या आधी भिशीत सगळ्यांना सांगितलं होतं. एकीनेही चोरला नाही, उलट एक जण म्हणाली की पाव किलोचं पाकीट कोण घेईल, एका भाजीपुरती पुडी दे. आज जास्त खप त्या पुडीचाच आहे. मसाल्याचं प्रमाण आणि गिऱ्हाइकांची वही मात्र आजही कुणाला दाखवत नाही.

आता साइट. मी ती सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, कूलरवाल्याला फोन लावा. आधी तीन फोटो सरकत राहिले. नंबर तिसऱ्या फोटोत, त्यावर बोट ठेवेपर्यंत फोटो पुढे गेला. परत आला तेव्हा दाबला, पण तो चित्राचाच भाग, फोन लागेना. मग फॉर्म. त्यात ईमेल सक्तीचा. सासूबाईंनी मोबाइल परत दिला आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा कोपऱ्यावरच्यालेच बोलावतो."

फाँटवेडा:
काकूंच्या सासूबाईंना सलाम. भर घालतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं आहेत, ती उन्हात दिसत नाहीत. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) सांगितला आहे. आणि दरपत्रक फोटो म्हणून का टाकलंय? युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर 'कूलर दुरुस्ती नागपूर' शोधणाऱ्याला ते सापडायचं नाही. वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचा तज्ज्ञ याकोब नील्सन, त्याने २००० साली मांडलं होतं की पाच जणांना वापरायला दिलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी कळतात. तुमच्या एकीनेच चार काढल्या, अजून चौघं शोधा. देताना फक्त बघत बसा, 'इथे दाबा' म्हणायचं नाही. ते लई जड जाते.

वाळ्याची_ताटी:
सरकते फोटो काढले. नंबर सगळ्यात वर, दाबला की फोन लागतो. फॉर्ममध्ये नाव, मोबाइल आणि वस्ती एवढंच. दर टाइप करून टाकले, तेव्हा घरी थोडं वाजलं. काल त्रिमूर्तीनगरातून पहिला फोन आला: "आमचा लोखंडी आहे, जुना. चालते का?" आता नंबरखालीच लिहिलंय, लोखंडी आणि प्लास्टिक दोन्ही.

महालचा_पोट्टा:
माया कूलर पण लिहून घे. ताट्या वाळ्याच्या पायजे बरं, वुडवूलच्या नाही. नाव काय ठेवलं हायेस?